कपाटाचं दार

फोनवरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
खिडकीतून काय दिसतं तुम्हाला?
म्हटलं, भिंत.
आणि भिंतीच्या वर?
वरही भिंतच. मान मोडेपर्यंत वाकलं
तर पोस्टाच्या तिकिटाएवढं आभाळ,
तेही शिक्का मारलेलं, वापरून झालेलं.

त्बिलिसीच्या या उतारावर घरं उभी आहेत
एकमेकांना रेलून,
खोकणाऱ्याला कुणी टेकू द्यावा तशी.
माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला.
तुती पुढे, अंगणात.
बावीस वर्षांत तिची ओळख एवढीच
की जूनमध्ये बुटाच्या तळाला जांभळं काही चिकटतं
आणि ते जिन्याच्या कडेवर खरवडावं लागतं.

भिंतीला कान असतात म्हणतात.
या भिंतीला तेही नव्हते.

मी पियानो सुरात लावतो. लावायचो.
एक फुफ्फुस आधीच गेलेलं, म्हणून दार बंद.
एकोणिसाव्या दिवशी ऐकू आलं
की फ्रिजची घरघर सुराखाली किंचित उतरली आहे.
ती मला लावता येत नव्हती.
जमिनीवर बसलो आणि रडलो,
एका फ्रिजसाठी, चौपन्नाव्या वर्षी.

पावाची टोपली दोरीला बांधणाऱ्या लुआर्साबला
बोलता बोलता म्हणून गेलो, भिंत.
तो शब्द टोपलीतून खाली गेला,
अंगण ओलांडून
कोपऱ्यावरच्या गॅलरीत चढला.

तिथे त्सियालाबाई. त्यांना झाडही दिसतं
आणि मान वळवली तर माझी खिडकीही.
दुसऱ्या दिवशी त्यांनी पेचकस घेतला
आणि लग्नातल्या कपाटाचं आरशाचं दार
बिजागऱ्यांतून उतरवलं.
आत यासोनचे कोट उघडे पडले, सात वर्षांनी.
खाऊ देत थोडी हवा, म्हणाल्या.

कपडे वाळत घालायच्या दोरीने दार कठड्याला बांधलं.
जरा खाली! मी ओरडत होतो. अजून!
डावीकडे, नाही, तुमच्या डाव्या!
कितीतरी दिवसांनी माझा आवाज
भिंतीला न आदळता कुठेतरी पोचला.
आधी डोळ्यांत ऊन घुसलं, मग त्यांचं कोपर दिसलं,
मग कुणाची तरी ओली चादर,
मग फांदी.

एप्रिल निम्मा सरला तरी बोडकी,
गाठीगाठींवर हिरवं टाचणीएवढं.
आरशाचा पारा एका जागी उडालेला;
चिमणी उडत यायची, त्या डागात शिरायची,
आणि नसायची.
मी श्वास धरून बसायचो.
पलीकडून निघायची, शेपूट झटकत.

बरा झालो असं नाही.
रात्री छातीवर तेच ओझं,
सिंकमध्ये त्याच बश्या.
पण दहा चाळीसला ऊन त्या दारावर यायचं
आणि बारानंतर जायचं,
आणि कुणी भेटायला येणार असेल
तर माणसाला दाढी करावी लागते.

ईस्टरच्या रात्री संचारबंदी.
आरशात एकच मेणबत्ती, कुणाची कळेना.
मी माझी पेटवून खिडकीत ठेवली.
मग दोन झाल्या.

जून. दार उघडलं.
तीन मजले उतरायला अर्धा तास लागला.
तुतीखाली उभा राहिलो आणि वाटलं, ही नव्हे.
माझ्या झाडाची मोठी फांदी उजवीकडे झुकते,
हिची डावीकडे.
ओळखीच्या माणसाने
दुसऱ्याच हाताने सही करावी, तसं.

वरून हाक आली, काढू का आता दार?
यासोनच्या कोटांवर धूळ बसतेय.
एक आठवडा राहू द्या, म्हटलं.
भाडं पडेल, त्या म्हणाल्या,
पियानो लावून द्यावा लागेल. ये वर.

गेलो. हत्यारांची पेटी खाली ठेवली
आणि पियानोकडे न जाता आधी कठड्याशी गेलो.
कपाटाच्या त्या दारात, पाऱ्याच्या डागाशेजारी,
माझी खिडकी.
केवढीशी.
काठावर एक कप राहिलेला.
पडदा आतबाहेर होत होता,
आणि आत कुणी नव्हतं.

पुष्कळ वेळ पाहत राहिलो.
आत कुणी नव्हतं.